सर्व्हिसेस वेगवेगळ्या भाषांत लिहिताय? या चुका टाळा

पेमेंटची सर्व्हिस जावात, रिपोर्टची पायथनमध्ये आणि स्क्रीन जावास्क्रिप्टमध्ये, हे आता नेहमीचं झालंय. थ्रिफ्ट किंवा जीआरपीसी (वेगवेगळ्या भाषांतल्या सर्व्हिसेसना एकमेकींना कॉल करू देणारी साधनं) वापरलं की इंटरफेसची, म्हणजे कोणते कॉल आणि कोणता डेटा हे सांगणारी, एकच फाइल लिहायची, प्रत्येक भाषेतला कोड त्यातून आपोआप तयार होतो. इथवर काम खरंच सोपं होतं. पण कोड एका फाइलमधून निघाला म्हणजे दोन्ही बाजू डेटाचा अर्थही एकच लावतील, असं धरून चालणं फार महागात पडतं.

आयडीचंच बघा. ९००७१९९२५४७४०९९३ हा आकडा जावाच्या लाँगमध्ये (६४ बिटांच्या पूर्णांकात) आरामात बसतो. तोच जेसॉनमध्ये (डेटा पाठवायच्या मजकुरी स्वरूपात) संख्या म्हणून पाठवला, तर जावास्क्रिप्टमध्ये पार्स होताना, म्हणजे वाचला जाताना, त्याचा शेवटचा ३ जाऊन २ येतो, कारण तिथली साधी संख्या २ च्या ५३व्या घातापर्यंतचेच पूर्णांक खात्रीने अचूक धरते. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. फक्त भलतीच ऑर्डर उघडते किंवा ‘सापडली नाही’ असं उत्तर येतं. टेस्टिंगला आयडी छोटे असतात, म्हणून तेव्हा हे लक्षातच येत नाही. अशी तक्रार आली की ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधला कच्चा रिस्पॉन्स आणि कोडमध्ये पोचलेला आकडा शेजारी शेजारी ठेवा. प्रिव्ह्यूवर विसंबू नका, तिथे आकडा आधीच पार्स झालेला असू शकतो. मोठे आयडी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणूनच पाठवा. प्रोटोबफचं (जीआरपीसी सहसा वापरतं त्या मेसेज-स्वरूपाचं) अधिकृत जेसॉन रूपही ६४ बिटांचे पूर्णांक स्ट्रिंगमध्येच लिहितं.

पैशांसाठी फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) नको आणि टाइमझोनशिवाय वेळ पाठवू नका, हे बहुतेकांना माहीत असतं. प्रोटोबफमध्ये मात्र काढून टाकलेल्या फील्डचा नंबर नव्या फील्डला देण्याचा मोह अजूनही होतो. बायनरी मेसेजमध्ये फील्डचं नाव जात नाही, नंबर जातो. जुन्या व्हर्जनवरची सर्व्हिस नवी माहिती जुन्या नावाखाली वाचते आणि तशीच साठवते. तो नंबर ‘रिझर्व्ह्ड’ करून टाका, म्हणजे तो पुन्हा वापरता येणार नाही.

दुसरी सर्व्हिस ‘हँग’ झाल्यासारखी वाटली तर आधी डेडलाइन, म्हणजे उत्तराची वाट बघण्याची मर्यादा, तपासा. जीआरपीसी स्वतःहून डेडलाइन लावत नाही. तुम्ही दिली नाही तर क्लायंट कितीही वेळ थांबू शकतो. पण डेडलाइन संपली म्हणजे समोरचं काम झालंच नाही, असंही नाही. पेमेंटसारख्या कॉलला वेगळी रिक्वेस्ट-की (ही तीच विनंती आहे हे ओळखायची खूण) न देता रीट्राय लावला, तर ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. माझ्या मते हे टाळणं बाकी सगळ्याच्या आधी यायला हवं.

रिपॉझिटरीत मोजकेच नमुना मेसेज ठेवा: वरचा मोठा आयडी, रिकामं फील्ड, मुद्दाम शून्य भरलेलं फील्ड, आणि देवनागरी नाव, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि गो भाषेतली स्ट्रिंगची लांबी (ती बाइट मोजते) पायथनशी (ते चिन्हं मोजतं) जुळत नाही. इंटरफेसची फाइल बदलली की प्रत्येक भाषेतल्या टेस्टने हेच मेसेज वाचून परत लिहावेत, आणि एकही फरक निघाला तर बदल मर्ज होऊ देऊ नये.