सुक्या जवळ्याचं सॅम्पल अमिनो ॲसिड टेस्टला कसं तयार करायचं
रत्नागिरीच्या बाजारातला सुका जवळा आणलात की आधी वाळू नि शिंपल्यांचे तुकडे निवडा, मग बारीक दळून हेक्झेनने (चरबी विरघळवणारं द्रावक) चरबी काढा, ही पायरी प्लीज गाळू नका. थोडी पावडर काचेच्या ट्यूबमध्ये, त्यात प्रोटीन तुटून अमिनो ॲसिड सुटी व्हावीत म्हणून ६ नॉर्मल तीव्रतेचं एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड), टायरोसीन हे अमिनो ॲसिड वाचावं म्हणून किंचित फिनॉल, आणि नायट्रोजन सोडून हवा पार घालवायची, मग सील करून ११० डिग्रीला २४ तास. हवा राहिली तर मेथिओनीन हे अमिनो ॲसिड गेलंच समजा! ट्रिप्टोफॅन तर ॲसिडमध्ये टिकतच नाही, त्याला वेगळं सॅम्पल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये शिजवा. सिस्टीन मोजायचं तर एचसीएलच्या आधी परफॉर्मिक ॲसिड लावा. आणि हो, जवळ्याच्या सालातल्या कायटिनपासून (साल कडक करणारा पदार्थ) ग्लुकोसामीन सुटतं, टेस्टच्या आलेखातला त्याचा पीक (उंचवटा) अमिनो ॲसिडमध्ये धरू नका.