रेडस्टोन सर्किट मधूनच चुकतंय? या चुका टाळा

माइनक्राफ्ट या ब्लॉक रचायच्या गेममधलं रेडस्टोनचं, म्हणजे तिथल्या विजेचं, सर्किट कधी चालतं, कधी चालत नाही, असं झालं की आमच्या ठाण्यातल्या पोरांचं उत्तर तयार असतं: "काका, सर्व्हर लॅग होतोय." मी रबाळ्याला कंट्रोल पॅनेलच्या कामात आहे. दिवसभर रिले आणि टायमर बघतो, आणि संध्याकाळी सोसायटीतली मुलं लॅपटॉप घेऊन येतात. दोन्हीकडे दुखणं एकच असतं, आणि लॅगचा त्याच्याशी क्वचितच संबंध असतो.

लॅगचं, म्हणजे गेम मंदावण्याचं, आधी मिटवून टाकू. गेम सेकंदाला २० टिक, म्हणजे २० छोटी पावलं, चालतो. रेडस्टोनचा एक टिक म्हणजे गेमचे दोन टिक, म्हणजे ०.१ सेकंद; पुढे नुसतं टिक म्हटलं की रेडस्टोनचा. लॅपटॉप दमला की टिक लांबतो, पण सगळ्यांचाच लांबतो. तीन टिकांनी पोचणारा सिग्नल लॅग असतानाही तीन टिकांनीच पोचतो. तुमच्या सर्किटचा निकाल टिकांच्या हिशोबावर ठरतो, घड्याळावर नाही. तेव्हा लॅगला दोष देण्याआधी टिक मोजा.

उत्तर स्थिर होण्याआधी वाचणं

ही माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी चूक. आमच्या इमारतीतल्या दोन भावांनी ठाणे स्टेशन आणि कळवा कारशेड बांधलं होतं. काम देखणं होतं, फलाटावरच्या पुलाच्या पायऱ्यासुद्धा मोजून घातलेल्या. आठ गाड्यांची फेरी, आणि त्यातली चौथी माइनकार्ट कारशेडला वळली पाहिजे. सांध्याच्या, म्हणजे रूळ फुटतो त्या जागेच्या, आधी एक डिटेक्टर रेल (गाडी वरून गेली की सिग्नल देणारा रूळ), तिच्यावर तीन फ्लिप-फ्लॉपचा (प्रत्येक सिग्नलला चालू-बंद पालटणारे) काउंटर, काउंटर ४ वर आला की लॅच (रिसेट होईपर्यंत सिग्नल धरून ठेवणारं सर्किट) सेट, आणि लॅच सेट झाला की सांधा बदलतो. गाडी पुढे गेली की दुसरी डिटेक्टर रेल लॅच रिसेट करते. कागदावर सगळं बरोबर होतं. प्रत्यक्षात चौथी गाडी वळायची, सहावीही वळायची आणि आठवीही.

धाकट्याने तोवर लॅच दोनदा तोडून बांधला होता. थोरल्याने जिथे जागा दिसेल तिथे रिपीटर, म्हणजे सिग्नल एक ते चार टिक उशिरा पुढे पाठवणारे तुकडे, घातले होते. मी म्हटलं, अरे, काहीही हलवू नका, गेम थांबवा. जावा एडिशनमध्ये (कॉम्प्युटरवरची आवृत्ती) १.२०.३ पासून टिक फ्रीझ आणि टिक स्टेप या कमांड आहेत. त्यांनी जग गोठवून एकेक गेम टिक पुढे नेता येतं. पाचव्या गाडीनंतर काउंटरवर १०१ होतं, म्हणजे ० आणि १ च्या बायनरी पद्धतीत पाच; यातला एकेक अंक म्हणजे एक बिट. सहावी गाडी रेलवर आली, तिथे फ्रीझ केलं आणि दोन-दोन गेम टिक पुढे सरकलो. आधी शेवटचा बिट विझला: १००. त्यानंतर तीन रेडस्टोन टिकांनी मधला बिट पेटला: ११०. म्हणजे पाचावरून सहावर जाताना काउंटर ०.३ सेकंद चारावर उभा होता. लॅचला तेवढं पुरतं. आठव्या गाडीला तेच: १११, ११०, १००, ०००. सातावरून शून्यावर येताना वाटेत पुन्हा चार.

काउंटर बिघडलेला नव्हता. एका फ्लिप-फ्लॉपने पुढच्याला ढकलायचं, अशा रचनेत बिट एकदम बदलत नाहीत, एकामागून एक बदलतात. मधले आकडे येणारच. चूक होती ती मधला आकडा वाचण्यात.

इलाज असा केला. प्रत्येक टप्प्याला तीन टिक, तीन टप्प्यांना नऊ. डिटेक्टर रेलवरूनच दुसरी तार काढली, तिच्यावर चार-चार टिकांचे तीन रिपीटर लावले, म्हणजे बारा टिक, आणि ही उशिरा येणारी तार व "काउंटर चारावर आहे" हा सिग्नल अँड गेटमध्ये (दोन्ही चालू असले तरच पुढे सोडणारं सर्किट) घातला. काउंटर शांत झाल्यावरच लॅचला विचारणा होते. याची किंमतही द्यावी लागली. माइनकार्ट सेकंदाला जास्तीत जास्त ८ ब्लॉक धावते, १.२ सेकंदात ती जवळजवळ १० ब्लॉक पुढे जाते, म्हणून डिटेक्टर रेल सांध्यापासून १४ ब्लॉक मागे न्यावी लागली. शिवाय डिटेक्टर रेलचा सिग्नल निदान सेकंदभर टिकतो, त्यामुळे दोन गाड्यांत तीन सेकंदांचं अंतर ठेवलं. मुलं कुरकुरली, कारण अर्धा फलाट उखडावा लागला. उखडायला लावला. त्यानंतर ठरलेलीच गाडी वळते.

न मोजता रिपीटर ठोकणं

याचा मला मनापासून राग आहे. सर्किट चुकलं की एक रिपीटर घाल, नाही चाललं तर क्लिक करून चारवर ने, तरी नाही तर आणखी एक. कधीतरी चालतं, मग व्हिडिओ काढून मोकळे. आठवड्याने शेजारी दुसरं दार जोडलं की सगळं पुन्हा कोसळतं, आणि कोणता रिपीटर कशासाठी होता हे कुणालाच सांगता येत नाही.

मूळ गोष्ट साधी आहे. लिव्हरची एक तार सरळ अँड गेटला गेली आणि दुसरी रेडस्टोन टॉर्चमधून उलटी (चालूची बंद, बंदची चालू) होऊन गेली, तर हे दोन सिग्नल एकाच वेळी चालू असूच नयेत. पण टॉर्च एक टिक उशीर करतो. लिव्हर चालू केला की सरळ तार लगेच पेटते, टॉर्च अजून विझलेला नसतो, आणि गेटमधून एक टिकाचा खोटा पल्स, म्हणजे क्षणभराचा सिग्नल, निसटतो. सरळ तारेवर एक टिकाचा एकच रिपीटर लावा, काम झालं. दोन लावलेत तर चूक दुसऱ्या बाजूला जाते, लिव्हर बंद करताना दिसते.

दोन गोष्टी लक्षात राहत नाहीत. डस्ट, म्हणजे जमिनीवर टाकलेली रेडस्टोनची तार, स्वतः उशीर करत नाही, पण १५ ब्लॉकनंतर सिग्नल संपतो म्हणून लांबच्या तारेत तुम्ही जो रिपीटर घालता, तो किमान एक टिक खातो. दोनांपैकी एकच वाट लांब असली की तोल गेलाच. दुसरं, चारवर ठेवलेल्या रिपीटरमधून एक टिकाचा पल्स गेला तर तो बाहेर चार टिकांचा होऊन येतो. तुम्हाला फक्त उशीर हवा असतो, पल्सची लांबीही बदलून जाते.

माझी सवय सांगतो. प्रत्येक गेटच्या इनपुटपाशी मी पाटी लावतो आणि तिच्यावर मूळ लिव्हरपासूनचे टिक लिहितो. एकाच गेटच्या दोन पाट्यांवर वेगळे आकडे दिसले की तिथे थांबायचं. सुरुवात करणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. ज्याला पाट्या लावायचा कंटाळा, त्याचं सर्किट मी तपासत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

टॉर्चचं वेगवान क्लॉक (आपणच चालू-बंद होत राहणारं सर्किट) करू नका. जावामध्ये ३ सेकंदांत आठाहून जास्त वेळा बदलला की टॉर्च जळतो.

दगडी बटण १ सेकंद चालू राहतं, लाकडी १.५ सेकंद. दिसायला छान म्हणून बदलू नका.

ऑब्झर्व्हर (समोरचा ब्लॉक बदलला की कळवणारा) एकच टिकाचा पल्स देतो. जावामध्ये तेवढ्याशा पल्सने स्टिकी पिस्टन, जो एरवी ढकललेला ब्लॉक परत ओढतो, तो ब्लॉक पुढे ढकलून तिथेच सोडून येतो. कम्पॅरेटरला (सिग्नलची ताकद तोलणारा) तर असा पल्स पुष्कळदा कळतच नाही.

हॉपर (वस्तू पुढे सरकवणारं नरसाळं) एक वस्तू सरकवायला ८ गेम टिक घेतो. वस्तू वेगळ्या करणाऱ्या सॉर्टरमध्ये हे धरा.

१६ बाय १६ च्या चंकच्या, म्हणजे गेम जग ज्या तुकड्यांनी चालवतो त्यांच्या, सीमेवर सर्किट पसरू नका. तुम्ही लांब गेलात की अर्धं चालू, अर्धं बंद अशी अवस्था होते. जावामध्ये एफ३ आणि जी एकत्र दाबलं की सीमा दिसतात.

तेच सर्किट दुसऱ्या जागी बांधल्यावर बिघडलं, तर जावामध्ये ते शक्य आहे. एका डस्टच्या तारेवरच्या वस्तूंना बातमी कोणत्या क्रमाने मिळते, हे जागेवरही अवलंबून असतं. जिथे क्रम महत्त्वाचा, तिथे मुद्दाम एक टिकाचा फरक ठेवा.

आणि फोनवर खेळणाऱ्यांनो, तुमचं माइनक्राफ्ट बेडरॉक नावाची वेगळी एडिशन आहे. जावामध्ये पिस्टनला त्याच्या वरच्या रिकाम्या जागेतूनही सिग्नल मिळतो, बेडरॉकमध्ये नाही. त्यामुळे जावाच्या व्हिडिओत बघून जसंच्या तसं बांधलेलं दार तुमच्याकडे अडकलं, तर टिक मोजत बसू नका, आधी व्हिडिओ कोणत्या एडिशनचा आहे ते बघा. माझ्याकडे सर्किट आणताना एडिशन, व्हर्जन आणि पाट्यांवरचे आकडे, एवढं घेऊन या.