रेंजफाइंडरला १.४ ची लेन्स लावताना

दिवेलागणीला सांगलीच्या कृष्णाघाटावर जाताना माझ्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर (यात खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करतात) फोक्टलेंडरची नोक्टन क्लासिक ४० मिमी एफ/१.४ असते. ती दोन प्रकारांत येते: काचेवरची चमक कमी करणाऱ्या कोटिंगचा एकच थर असलेली एससी आणि अनेक थरांची एमसी. चौकटीत उघडा दिवा आला की एससीमध्ये उजेड पसरतो, सावल्या मऊ होतात. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर मला ते फार आवडतं. रंगीत काढणार असाल तर एमसी घ्या. लायकाच्या रेंजफाइंडरवर ही लेन्स लावली की खिडकीत ५० मिमीच्या लेन्सची चौकट दिसते, त्यामुळे फोटोत चौकटीपेक्षा थोडं जास्तच येतं.

खरी कसोटी फोकसची. १.४ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं असताना, एक मीटरवरून, जेमतेम पाच सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. फुलवाल्या मावशींच्या कुडीवर मी दोन प्रतिमा जुळवल्या. कुडी लख्ख आली, डोळे धूसर. तेव्हापासून मी पापणीच्या कडेवरच जुळवतो आणि लगेच बटण दाबतो.

जुनी लेन्स घेताना तिरप्या ठेवलेल्या मोजपट्टीचे फोटो १.४, २ आणि २.८ ला काढून बघा. छिद्र लहान केल्यावर काही लेन्सचा फोकस मागे सरकतो, आणि रेंजफाइंडरमधून ते दिसत नाही.