आयफोनचा पासवर्ड-संरक्षित बॅकअप: न्यायवैद्यक तपासणीची पद्धत

जप्त केलेल्या लॅपटॉपवर आयफोनचा बॅकअप सापडतो, तो उघडताना पासवर्ड मागितला जातो आणि प्रयोगशाळेने तो ‘फोडून’ द्यावा अशी अपेक्षा केली जाते. ही अपेक्षा बहुतेक वेळा चुकीची असते. आजच्या आयफोनच्या बॅकअपचा चांगला पासवर्ड बळाने फुटत नाही. तो सापडतो, आणि तोही त्याच प्रकरणाच्या मुद्देमालात किंवा संबंधित व्यक्तीच्या जबाबात. पुढील पद्धत कायदेशीर जप्ती, न्यायालयाचा आदेश किंवा मालकाची लेखी संमती हाती असलेल्या तपासनिसासाठी आहे. यांपैकी काहीच नसताना दुसऱ्याचा बॅकअप उघडणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो.

प्रथम बॅकअपचे फोल्डर शोधावे. विंडोजवर ते वापरकर्त्याच्या ॲपडेटामधील रोमिंग फोल्डरात, ‘ॲपल कॉम्प्युटर’ आणि ‘मोबाइलसिंक’च्या आत असते; आयट्यून्स हे बॅकअप घेणारे ॲपलचे सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून घेतलेले असेल, तर ते वापरकर्त्याच्या मुख्य फोल्डरातील ‘ॲपल’ फोल्डरात आढळते. मॅकवर ते लायब्ररीतील ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’मध्ये असते. मूळ डिस्क राइट ब्लॉकरशिवाय, म्हणजे तिच्यावर काहीही लिहू न देणाऱ्या उपकरणाशिवाय, जोडू नये. तिची प्रतिमा (तंतोतंत प्रत) घेऊन एसएचए-256 हॅश, म्हणजे आशय जरासा बदलला तरी बदलणारा डिजिटल ठसा, काढावा, पंचनाम्यात नोंदवावा आणि पुढचे सगळे काम कार्यप्रतीवरच करावे. हे आग्रहाने सांगण्याचे कारण असे की फोनमधील माहिती ज्यात साठते तो एसक्यूलाइट प्रकारचा डेटाबेस नुसता पाहण्यासाठी उघडला तरी त्याच्या शेजारच्या फाइली बदलू शकतात, आणि मग हॅश जुळत नाही.

पासवर्ड नसतानाही बरेच काही वाचता येते, आणि घाईत नेमके हेच राहून जाते. बॅकअपच्या फोल्डरातील इन्फो.प्लिस्ट ही फाइल एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदललेली, नसते. फोनचे नाव, अनुक्रमांक, आयएमईआय, दूरध्वनी क्रमांक, आयओएसची आवृत्ती, शेवटच्या बॅकअपची वेळ आणि ॲपची यादी तिच्यात मिळते. एखादा फोन आपला नाहीच असे कोणी म्हणत असेल, तर त्याच्याच लॅपटॉपवरील या एका फाइलने तपासाची दिशा ठरू शकते. बॅकअप खरोखर एन्क्रिप्टेड आहे का आणि फोनला पासकोड होता का, हे मॅनिफेस्ट.प्लिस्ट ही दुसरी फाइल सांगते. फाइलींची यादी मात्र मॅनिफेस्ट.डीबीमध्ये असते, आणि आयओएस 10.2 पासून ती यादीही एन्क्रिप्ट होते.

आवृत्ती पाहणे आवश्यक आहे, कारण पुढे किती कष्ट पडतील हे तिच्यावर ठरते. 2016 मध्ये आलेल्या आयओएस 10.0 मध्ये पासवर्ड पडताळण्याची एक कमकुवत पद्धत राहून गेली होती आणि त्या बॅकअपवर अंदाज फार वेगाने तपासता येत. ॲपलने ती चूक लगेच सुधारली आणि 10.2 पासून प्रत्येक अंदाजामागे पीबीकेडीएफ2च्या (पासवर्डपासून किल्ली बनवणाऱ्या, मुद्दाम संथ केलेल्या गणिती पद्धतीच्या) तब्बल 1 कोटी फेऱ्या घातल्या. त्याचा अर्थ साध्या गणिताने पाहावा. सेकंदाला 100 अंदाज धरले, तर सहा आकडी पासवर्डच्या 10 लाख शक्यता तीन तासांच्या आत संपतात. पण लहान इंग्रजी अक्षरे आणि अंक मिसळलेल्या आठ वर्णांच्या सगळ्या शक्यता तपासायला सुमारे 900 वर्षे लागतील. चांगले ग्राफिक कार्ड घेऊन हा फरक मिटत नाही.

म्हणून आधी विचारावे, आणि नीट विचारावे. फोनचा पासकोड, ॲपल खात्याचा पासवर्ड आणि बॅकअपचा पासवर्ड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक पहिले दोन सांगतात आणि तिसरा कधी ठेवला होता हे विसरलेले असतात. साक्षीदार किंवा फिर्यादी असेल, तर पहिल्यांदा फोन संगणकाला जोडला तेव्हा काय टाकले होते, अशा शब्दांत विचारल्यास आठवण येते. आरोपीच्या बाबतीत संविधानाच्या अनुच्छेद 20(3)चा, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसण्याच्या हक्काचा, प्रश्न उभा राहतो. तेथे तपासनिसाने स्वतः दबाव आणू नये. तो विषय तपास अधिकारी आणि न्यायालय यांच्यावर सोडावा.

त्यानंतर मुद्देमालात शोधावे. मॅकवर बॅकअपचा पासवर्ड कीचेनमध्ये (ॲपलच्या पासवर्ड साठवण्याच्या सुरक्षित कप्प्यात) जतन झालेला असू शकतो. ब्राउझरमधील जतन केलेले पासवर्ड, नोंदींच्या फाइली आणि जप्त डायऱ्याही आदेशाच्या मर्यादेत पाहाव्यात. त्या फोनची पूर्वी कोठे तपासणी झाली असेल, तर तेथील टिपणे मागवावीत, कारण तपासणीची साधने बॅकअप घेताना स्वतःचा तात्पुरता पासवर्ड घालतात, आणि साधन मध्येच बंद पडले की तो फोनवर तसाच राहू शकतो.

तरीही हाती काही लागले नाही, तर त्या व्यक्तीपुरता शब्दसंग्रह तयार करून पासवर्डचे अंदाज आपोआप तपासणाऱ्या हॅशकॅटसारख्या साधनाने तो तपासावा. इंग्रजीतून तयार मिळणाऱ्या याद्या आपल्याकडच्या प्रकरणांत तोकड्या पडतात. मुलांची टोपणनावे, गावाचे नाव, कुलदैवत, गाडीचा क्रमांक, लग्नाची तारीख हे शब्द त्यांत नसतात. शिवाय रोमन लिपीत मराठी लिहिताना प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. ‘गणपती’मधल्या ‘ण’नंतरचा ‘अ’ कोणी लिहितो, कोणी गाळतो. शेवटची ‘ई’ एका अक्षराने लिहिणारे आहेत तसे दोन अक्षरांनी लिहिणारेही आहेत. त्या व्यक्तीच्या इतर पासवर्डांवरून आणि संदेशांवरून तिची ढब ओळखून मगच शब्दांची रूपे बनवावीत.

फोनही ताब्यात असेल आणि त्याचा पासकोड माहीत असेल, तर आणखी एक वाट आहे. बॅकअपचे एन्क्रिप्शन फोनवर ठरते, त्यामुळे दुसऱ्या संगणकावर नवा बॅकअप घेतला तरी जुनाच पासवर्ड लागतो. आयओएस 11 पासून मात्र ‘रीसेट ऑल सेटिंग्ज’ केल्यावर तो पासवर्ड निघून जातो. ही कृती शेवटचीच ठेवावी. तिने वाय-फायची जतन माहिती व इतर सेटिंग्ज पुसल्या जातात, म्हणजेच पुराव्यात बदल होतो. आयओएस 17.3 पासून आलेले चोरीपासूनचे संरक्षण चालू असेल, तर फेस आयडी किंवा टच आयडी आणि तासाभराची प्रतीक्षाही आड येऊ शकते. लॅपटॉपवरील जुने बॅकअप या कृतीने उघडत नाहीत, हेही तपास अधिकाऱ्याला आधीच स्पष्ट सांगावे. लेखी परवानगी घेऊन, आधी शक्य ती सगळी माहिती काढून घेऊन आणि चित्रीकरण चालू ठेवूनच ती करावी.

याउलट, फोनवर बॅकअपचा पासवर्डच नसेल, तर तपासनिसाने स्वतः एक तात्पुरता पासवर्ड घालून बॅकअप घ्यावा. हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते, पण एन्क्रिप्टेड बॅकअपमध्येच वाचता येण्याजोगी कीचेन आणि आरोग्याची माहिती मिळते. साध्या बॅकअपमधील कीचेन त्या फोनच्या हार्डवेअरशी बांधलेली असल्याने बाहेर उपयोगाची नसते. काम झाल्यावर तो पासवर्ड काढावा आणि घातल्याची व काढल्याची वेळ नोंदवावी.

पासवर्ड मिळाल्यावर उलगडा करण्याचे काम तुलनेने सोपे आहे. एमव्हीटी हे मुक्त साधन बॅकअप उलगडून वेगळ्या फोल्डरात ठेवते आणि आयलीप हे दुसरे साधन त्यातून अहवाल तयार करते. साधनाच्या अहवालावर न थांबता महत्त्वाची प्रत्येक नोंद मूळ डेटाबेसमध्ये जाऊन पाहावी. संदेशांच्या एसएमएस.डीबीमध्ये वेळ 1 जानेवारी 2001 पासून मोजलेली असते, आणि आयओएस 11 पासून ती नॅनोसेकंदांत असते. समजा, आकड्याचे सेकंद 70,00,00,000 झाले. ही वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार 8 मार्च 2023, रात्रीचे 8 वाजून 26 मिनिटे 40 सेकंद अशी येते. भारतीय वेळेनुसार मात्र तोच संदेश 9 मार्चच्या पहाटे 1 वाजून 56 मिनिटांनी आलेला असतो. साडेपाच तास मिळवायचे राहिले तर अहवालातली तारीखच चुकते, आणि उलटतपासणीत बचाव पक्ष प्रथम तेथेच बोट ठेवतो. बॅकअपमध्ये एखादी गोष्ट न सापडणे म्हणजे ती फोनवर नव्हती, असेही लिहू नये. आयक्लाउडवर आधीच असलेली छायाचित्रे आणि संदेश संगणकावरील बॅकअपमध्ये येत नाहीत.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. त्याचा भाग अ पुरावा सादर करणाऱ्याने आणि भाग ब तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि दोन्हींत हॅश लिहावा लागतो. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये, मूळ साधन हजर न केल्यास जुन्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 65-ब खालील असे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले होते. डिस्कच्या प्रतिमेचा आणि उलगडलेल्या फोल्डरच्या संग्रहाचा हॅश वेगवेगळा नोंदवावा, पासवर्ड कोठून मिळाला हे लिहावे आणि जे प्रयत्न फसले त्यांचीही वेळेनुसार यादी अहवालाला जोडावी.