जुन्या ट्रॅक्टरचं इंजिनकाम: कुठल्या सीलला काय लावायचं

इंजिनकाम होऊन महिना होत नाही तोच ऑइल पाणी मिसळून दुधाळ व्हायला लागतं, आणि खापर ओ-रिंगच्या दर्जावर फुटतं. बऱ्याचदा रबर चांगलंच असतं, बसवताना त्याला जे चोपडलं ते चुकलेलं असतं. हाताशी एपी-३ ग्रीसचा एकच डबा असतो आणि लायनरच्या (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीच्या) रिंगपासून क्रँकच्या सीलपर्यंत सगळ्यांना तेच फासलं जातं. सील हातात घेतलं की आधी तीन गोष्टी ठरवा: रबर कुठलं आहे, त्याला पाणी लागणार की तेल, आणि ते एका जागी दबून बसणार की त्याच्यावर शाफ्ट फिरणार.

नायट्रील आणि व्हिटॉन या रबरांना इंजिन ऑइल किंवा साधं खनिज ग्रीस चालतं. ईपीडीएम पाण्यासाठी उत्तम, पण खनिज तेलात फुगून मऊ पडतं. सिलिकॉन रबराला सिलिकॉन ग्रीस लावू नका, तेही फुगतं. रंगावरून रबर ओळखता येत नाही, काळी रिंग यांपैकी काहीही असू शकते. पाकिटावर लिहिलेलं नसेल तर सेटमधली एखादी जादा रिंग व्हर्नियरने मोजा, २४ तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा आणि पुन्हा मोजा. जाडी उघड वाढली तर त्या रिंगला तेल लावायचं नाही. रिंग जाळून वासावरून ओळखायची सवय मात्र सोडा. व्हिटॉन जळलं की हायड्रोजन फ्लोराइड वायू निघतो, आणि त्याने कातडी आणि फुप्फुसं भाजतात.

सगळ्यात जास्त नुकसान ओल्या लायनरच्या रिंगमध्ये होतं. एचएमटी झेटर २५११ सारख्या इंजिनात लायनरच्या बाहेरून पाणी फिरतं आणि खालच्या रिंग ते पाणी चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या संपमध्ये, उतरू देत नाहीत. ब्लॉकमधली रिंगची जागा बारीक एमरीने क्षार जाईपर्यंत घासा आणि वरच्या कडेची धार मोडा. तिथे बोट ओरखडत असेल तर रबरही कापलं जाणार. मग लायनर रिंगशिवाय टाकून बघा. तो हाताने खाली बसला पाहिजे आणि फिरला पाहिजे. ब्लॉकच्या वर किती उरतो तेही आत्ताच मोजा आणि मॅन्युअलमधल्या मापाशी जुळवा.

रिंग कोरड्याच चढवा. चढल्यावर एक गुळगुळीत, बोथट सळई रिंगखाली घालून पूर्ण एक फेरा फिरवा, म्हणजे पीळ निघतो. आता रिंगला आणि ब्लॉकमधल्या जागेला द्रव साबण निम्म्या पाण्यात मिसळून लावा आणि तो वाळायच्या आत लायनर दोन्ही हातांनी सारखा दाबून बसवा. साबण पुढे कूलंटबरोबर निघून जातो आणि कुठल्याही रबराला फुगवत नाही. मॅन्युअलमध्ये स्पष्ट इंजिन ऑइल लिहिलं असेल तर तेच वापरा, पण अगदी बसवतानाच. आदल्या रात्री रिंग तेलात भिजत घालू नका.

इथे ग्रीस का नको, ते समजून घ्या. रबर दाबलं तरी आकसत नाही, फक्त आकार बदलतं, आणि त्यासाठीच खाचेत थोडी जागा मोकळी सोडलेली असते. ग्रीसने ती भरली की रबराला सरकायला जागा उरत नाही. मग एकतर रिंग कापली जाते, नाहीतर लायनर त्या उंचीवर आत दाबला जाऊन बोअर, म्हणजे त्याचं आतलं भोक, अंडाकार होतो. नवा पिस्टन खालच्या बाजूलाच ओरखडलेला दिसला तर आधी हेच तपासा. म्हणून लायनर बसल्यावर रिंगच्या उंचीला बोअर गेज लावून आडवं-उभं माप घ्या. लायनर मध्येच अडला तर ठोकू नका, बाहेर काढा. खाचेच्या कडेला काळा कीस दिसला तर रिंग गेली. सगळे लायनर बसले की ते वर सरकणार नाहीत असे दाबून धरा, संप लावण्याआधी ब्लॉकमध्ये पाणी भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी खालून एक थेंब जरी लोंबत असेल तरी तो लायनर पुन्हा काढायचा.

पर्किन्सच्या ३.१५२ या तीन सिलिंडरच्या इंजिनात लायनर कोरडे असतात, त्यामुळे ही कटकट नाही. तिथे डोकेदुखी क्रँकच्या मागच्या टोकाच्या दोरी सीलची, म्हणजे रबराऐवजी दोरीच्या सीलची. दोरी दोन अर्ध्या हाउसिंगमध्ये बसते. आधी दोन्ही टोकं खाचेत दाबा, मग मधून टोकांकडे दाबत जा. प्रत्येक टोक हाउसिंगच्या वर ०.२५ ते ०.५० मिमी राहू द्या. ते ब्लेडने सपाट कापलं तर दोन टोकं एकमेकांवर दाबली जात नाहीत आणि गळती नेमकी सांध्यातून सुरू होते. गोल दांडा फिरवून दोरी नीट बसवा आणि क्रँकला टेकणाऱ्या आतल्या बाजूला ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ थर द्या. सुरुवातीच्या कोरड्या फेऱ्यांत दोरी जळू नये, यासाठी ग्रॅफाइट. जुनी दोरी काढताना जपा: त्या काळच्या दोरीत अॅस्बेस्टॉस असू शकतं. तेलाने ओली करून काढा, कोरडी खरवडू नका आणि हवेचा प्रेशर मारू नका.

फिरत्या शाफ्टवरच्या ओठाच्या ऑइल सीलला, म्हणजे टायमिंग कव्हरमधल्या वगैरे, ओठावर इंजिन ऑइल पुरे. दोन ओठ असतील तर मधली पोकळी ग्रीसने एक तृतीयांश ते निम्मी भरा. ती ठासून भरली तर धुळीचा ओठ उलटतो. मागच्या स्प्रिंगच्या खाचेत थोडं ग्रीस किंवा व्हॅसलीन ठेवलं तर सील ठोकताना स्प्रिंग उडत नाही. बाहेरचा काठ रबरी असेल तर साबणाचं पाणी लावा, लोखंडी असेल तर कोरडा किंवा सीलंटचा अगदी पातळ पट्टा. स्प्रिंग नसलेलं, प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत ओठाचं सील हाती आलं तर ते बहुधा पीटीएफईचं (टेफ्लॉनचं). ते आणि शाफ्ट दोन्ही कोरडे ठेवा. सुरुवातीला त्या ओठाचा बारीक थर शाफ्टवर चढतो आणि तोच पुढे सील करतो. तेल लावलं तर तो चढत नाही. शाफ्टवर जुन्या सीलची खाच नखाला लागत असेल तर कुठलंही वंगण उपयोगाचं नाही. सील २-३ मिमी आत-बाहेर बसवा किंवा शाफ्टवर स्लीव्ह चढवा.

व्हॉल्व्हच्या सीलला इंजिन ऑइल, आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या कॉटरच्या (स्प्रिंग अडकवणाऱ्या पाचरीच्या) खाचेवर पातळ टेप गुंडाळूनच सील सरकवा. हेड गॅस्केटला ग्रीस-तेल काहीही नाही. कॉर्कचं गॅस्केटही कोरडंच, नाहीतर बोल्ट आवळताना ते बाहेर घसरतं.