पाना ठेवून जॉबकार्ड हातात घेताना

आठ-दहा वर्षं रॅम्पखाली काढलेल्या मेकॅनिकला सर्व्हिस ॲडव्हायझर, म्हणजे काउंटरवर ग्राहकाची तक्रार ऐकून गाडी ताब्यात घेणारा माणूस, व्हायचं म्हटलं की आधी धास्ती वाटते ती इंग्रजीची आणि कॉम्प्युटरची. दोन्ही गोष्टी सरावाने जमतात. डीलरच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज त्याच पाच-सहा स्क्रीन उघडायच्या असतात. खरी अडचण निराळीच असते. आवाज कानावर पडताच मेकॅनिकच्या तोंडून निदान निघून जातं, आणि काउंटरवर तेच अंगाशी येतं. ‘लिंक रॉड गेलाय, हजार-बाराशेत होईल’ असं तुम्ही म्हणता. गाडी रॅम्पवर गेल्यावर सस्पेन्शनमधल्या लोअर आर्मचा रबरी बुशही फाटलेला दिसतो. बिल वाढलं की ग्राहकाला वाटतं, आपल्याला फसवलं. तुमचं ज्ञान प्रश्न विचारायला वापरा. उत्तर रॅम्पवर मिळू द्या.

जॉबकार्डवर, म्हणजे गाडीची तक्रार आणि काम लिहायच्या कागदावर, ‘पुढून आवाज’ एवढंच लिहिलं तर टेक्निशियनचा अर्धा तास आवाज शोधण्यातच जातो. आवाज कधी येतो, कोणत्या बाजूने, किती वेगाला, इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर, हे विचारा. खड्ड्यात टक-टक येत असेल तर लिंक रॉड, बुश किंवा स्ट्रट माउंटिंगकडे बघायचं. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवताना कट-कट येत असेल तर चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट तपासायचा. हे तुम्हाला पाठ आहे, पण कार्डवर लक्षण जसंच्या तसं उतरवा: ‘स्पीडब्रेकरवर २० च्या खाली डावीकडून पुढे टक-टक, सपाट रस्त्यावर नाही.’ शंका असेल तर ग्राहकाला शेजारी बसवून दोन किलोमीटर फिरून या. आवाज त्याच्यासमोर आला नाही तर तसंही लिहा. नाहीतर तीच गाडी चार दिवसांनी ‘रिपीट’ म्हणून परत येते आणि ते खापर तुमच्या नावावर फुटतं.

गाडी ताब्यात घेताना ड्रायव्हरच्या दारापासून सुरुवात करून एक पूर्ण फेरी मारा. किलोमीटर, इंधनाचा काटा, डॅशबोर्डवर पेटलेले दिवे, ओरखडे, स्टेपनी, जॅक, टॉमी यांची नोंद करा. चारही बाजूंचे फोटो काढा आणि सही घ्या. सकाळी नऊ ते अकराच्या गर्दीत नेमकी हीच फेरी टाळली जाते, आणि संध्याकाळी बंपरच्या ओरखड्यावरून भांडण उभं राहतं. टायरची नक्षी झिजून १.६ मिलिमीटरवर आली असेल तर ती तिथेच बोटाने दाखवा. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात एसी, कूलंट आणि बॅटरीच्या तक्रारींची रांग लागते. ‘गॅस भरून द्या’ म्हणणाऱ्याला आधी केबिन फिल्टर काढून दाखवा. इथल्या धुळीत तो इतका चोंदतो की हवाच पुढे सरकत नाही. गॅस खरोखर कमी असेल तर गळती शोधल्याशिवाय भरू नका.

एस्टिमेटमध्ये नवखे एका ठिकाणी हमखास चुकतात. पार्टच्या एमआरपीत कर धरलेला असतो. मजुरीचा दर मात्र बहुतेक ठिकाणी कराशिवाय सांगितला जातो. समजा, पुढच्या ब्रेक पॅडची एमआरपी २,४०० आणि मजुरी ६०० रुपये आहे. मजुरीवर १८ टक्के जीएसटी म्हणजे १०८. ग्राहकाला ३,१०८ सांगायचे, ३,००० नाही. रक्कम छोटी असली तरी वाद तिच्यावरूनच होतो.

वेळ सांगण्याआधी स्टोअरला विचारा. पार्ट शेल्फवर नसेल आणि पुण्याहून यायचा असेल, तर ऑर्डर पडून तारीख कळेपर्यंत ‘उद्या देतो’ म्हणू नका. वाढीव काम निघालं की काम थांबवायचं, फोटो पाठवायचा, रक्कम सांगून होकार घ्यायचा आणि त्याची वेळ कार्डवर लिहायची. काढलेले जुने पार्ट डिलिव्हरीपर्यंत जपून ठेवा. इंजिन फ्लश, कोटिंग यांसारख्या जादा कामांवर इन्सेंटिव्ह मिळतो, म्हणून ते प्रत्येकाच्या गळ्यात मारू नका. मेकॅनिक होतात, कुठे गरज नाही हे तुम्हाला चांगलं कळतं.

कालपर्यंतच्या सोबत्यांशी वागणं अवघड जातं. काम अडलं की हात आपोआप पान्याकडे जातो. तेवढ्या वेळात काउंटरवर तीन ग्राहक खोळंबतात. काम फ्लोअर सुपरवायझरमार्फतच द्या, आणि ‘एवढं तर तासाभरात होतं’ हे टेक्निशियनला ग्राहकासमोर कधीही ऐकवू नका.

सोलापुरात काउंटरवर एमएच-१३ सोबत कर्नाटकातल्या विजापूरच्या केए-२८ चीही पाटी येते. मराठी-हिंदीच्या जोडीला कामापुरतं कन्नड किंवा तेलुगू येत असेल तर मुलाखतीत आवर्जून सांगा. बऱ्याच डीलरना डिप्लोमा हवा असतो, पण आयटीआय आणि भक्कम अनुभवावरही दार उघडतं, विशेषतः आहात त्याच वर्कशॉपमध्ये. गर्दीच्या दिवशी रिसेप्शनला मदतीला उभं राहण्याची परवानगी मागा. चारचाकीचं लायसन्स हवंच. पगार ठरवताना इन्सेंटिव्ह मजुरीवर आहे की विक्रीवर, हे विचारून घ्या.

ठोकलेल्या गाड्यांच्या विम्याचं काम लवकर शिका. मेकॅनिकला ते सहसा माहीत नसतं. झिरो डेप (घसारा न कापणारं विमा कवच) नसेल तर प्लास्टिक आणि रबरी भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. शिवाय मोटारीला १,५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यापुढे २,००० रुपये सक्तीने ग्राहकाच्या खिशातून जातात. ‘कॅशलेस’ (विमा कंपनी तिचा वाटा थेट वर्कशॉपला देते) म्हणजे फुकट, असं बरेच जण धरून चालतात. त्यामुळे त्यांच्या वाट्याचा अंदाजे आकडा पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दाखवा, आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरची पाहणी होईपर्यंत बंपरच्या स्क्रूलाही हात लावू देऊ नका.