प्राजक्त फुलत नाही? गोष्टीवर विश्वासून होणाऱ्या या चुका टाळा

प्राजक्त वाढतो, पण फुलत नाही, अशी तक्रार ज्यांची असते त्यांचे झाड पुष्कळदा सावलीत लावलेले आढळते, आणि त्यामागे बहुधा एक जुनी गोष्ट असते. सूर्यावर अनुरक्त झालेल्या पारिजातका नावाच्या राजकन्येला सूर्याने अव्हेरले, तिने स्वतःला जाळून घेतले, तिच्या राखेतून हे झाड उगवले आणि सूर्याचे दर्शन नको म्हणून त्याची फुले उजाडताच गळू लागली, अशी ती कथा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये या झाडाला दिलेल्या शास्त्रीय नावातही ‘दुःखी झाड’ असा अर्थ आहे. मात्र ही कथा फुलाची आहे, झाडाची नाही. पानांना ऊन लागतेच, आणि दिवसातून किमान पाच-सहा तास थेट ऊन न मिळालेला प्राजक्त नुसती पाने वाढवत राहतो.

फूल रात्री उमलते त्याचे कारण दुःख नसून पतंग आहेत. अंधारात उठून दिसणारा पांढरा रंग आणि दूरवर जाणारा सुगंध हे निशाचर पतंगांसाठीचे आमंत्रण असते. पहाटे जे गळते ते पाकळ्या, केशरी नळी आणि तिला चिकटलेले पुंकेसर एवढेच. बीजांडकोश फांदीवरच राहतो आणि परागीभवन झालेले असल्यास पुढे त्याचेच चपटे, दोन बियांचे फळ होते. म्हणून संध्याकाळी फांद्या हलवून फुले पाडणे किंवा सुरवंट दिसताच फुलण्याच्या दिवसांत तिन्हीसांजेला कीटकनाशक फवारणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. थोडे सुरवंट असतील तर ते हातानेच वेचावेत. चार पाने कुरतडली गेल्याने झाडाचे फारसे बिघडत नाही.

दुसरी गोष्ट कृष्णाची. स्वर्गातून आणलेले झाड सत्यभामेच्या अंगणात आणि फुलांचा सडा मात्र रुक्मिणीच्या अंगणात, हे कुंपणाच्या भिंतीला खेटून प्राजक्त लावणाऱ्या कोणालाही अनुभवता येते, कारण एका बाजूला भिंत किंवा इमारत असली की फांद्या मोकळ्या उजेडाकडे झुकतात आणि तो उजेड पुष्कळदा शेजाऱ्याकडे असतो. (सत्यभामेची तक्रार कृष्णाकडे होती, ती खरे तर जागा निवडणाऱ्याकडे असायला हवी होती.) भिंतीपासून सात-आठ फूट अंतर ठेवावे आणि झाडाखालची जमीन मोकळी ठेवावी.

छाटणीची चूक सर्वांत महाग पडते. फुले नव्या वाढीच्या टोकांना येतात, त्यामुळे पावसाळ्यात झाड पसरले म्हणून फांद्या कापल्या की त्या वर्षीचा बहर बव्हंशी हातचा जातो. बहर संपून फळे वाळल्यानंतर, नवी पालवी फुटण्यापूर्वी छाटणी करावी. नत्रयुक्त खताचा मारा आणि भारी काळ्या जमिनीत बुंध्याशी साचणारे पाणी हेही टाळावे. पहिल्याने पाने माजतात, दुसऱ्याने मुळे कुजतात.

कोरड्या दिवसांत प्राजक्त पाने गाळतो, हे माहीत नसल्यामुळे अनेक जण झाड मेले असे समजून एकतर पाणी वाढवतात किंवा ते उपटून टाकतात. तसे करण्यापूर्वी डहाळीची साल नखाने थोडी खरवडून पाहावी; आत हिरवेपणा दिसला तर पालवीची वाट पाहणे एवढेच काम उरते.

रोप घेताना नुसत्या नावावर विसंबू नये. उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यातील किंतूर येथे ‘पारिजात’ म्हणून पूजला जाणारा प्रचंड वृक्ष प्रत्यक्षात गोरखचिंच (बाओबाब) हे वेगळेच झाड आहे. खऱ्या प्राजक्ताची कोवळी डहाळी चौकोनी असते आणि पान काचकागदासारखे खरखरीत लागते. त्यावर एकदा बोट फिरवले की शंका राहत नाही.

शेवटी वेचण्याविषयी. एरवी जमिनीवर पडलेले फूल पूजेला चालत नाही, पण प्राजक्त त्याला अपवाद मानला जातो, तेव्हा फांदीवरून फुले तोडण्याचे कारणच नाही. रात्री झाडाखाली स्वच्छ जुने धोतर किंवा चादर अंथरावी आणि उन्हे चढण्याआधी फुले गोळा करावीत, कारण उशीर झाला की ती मलूल होऊन बोटांना चिकटतात. देठांपासून रंग काढायचा असेल तर ते सावलीत वाळवून पाण्यात उकळावेत. केशराला रंग देणाऱ्या द्रव्यांच्याच कुळातला हा रंग रेशमावर सुंदर चढतो, पण तो पक्का नसल्यामुळे ते वस्त्र उन्हात वाळत घालू नये.